अहो, बोट द्या

सकाळी घरी रक्त न्यायला आलेल्या लॅबच्या मुलापुढे मराठी माणूस मोठ्या धीराने बसतो. बाही वर, मूठ बंद, नजर खिडकीबाहेर. नळ्या भरून होईपर्यंत तो त्या मुलाचे गाव, शिक्षण आणि पगार विचारून घेतो. हाच माणूस घरच्या ग्लुकोमीटरपुढे बसला, टोचायचे पेन हातात आले आणि कळ आपली आपणच दाबायची आहे हे लक्षात आले, की त्याला एकाएकी तहान लागते. मग वरची टाकी भरली का ते आठवते. मग कालचा पेपर वाचायचा राहिलेला असतो. लॅबवाल्याने मिलिलिटरच्या हिशेबात रक्त नेले त्याचे काही नाही. इथे बहुतेक पट्ट्यांना ०.३ ते १ मायक्रोलिटर पुरते, आणि मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. डास एका बैठकीत याच्या दुपटी-तिपटीने पिऊन जातो आणि वर आकडाही सांगत नाही. खरी भीती सुईची नसून त्या आकड्याची असते.

आकड्याला भिणारे थोडेथोडके नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. बल्कांवावर चार गोंयकार गप्पा मारत बसले असतील तर त्यातल्या एकाची शुगर वाढलेली असते, आणि तो सोडून बाकीचे तिघे त्याला सल्ला देत असतात.

घरच्या घरी साखर पाहण्याचा उद्योग तसा नवा नाही. साठी-सत्तरीच्या मंडळींना बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळेच राहिले तर सुटका. हिरवे, पिवळे, नारिंगी असे रंग पालटत विटकरी लालावर गेले तर जिलबी बंद. हा प्रयोग मोरीत करायचा की ओट्यावर, यावर ज्या घरांत एकमत झाले त्या घरांना मानलेच पाहिजे. शिवाय रक्तातली साखर साधारण १८०च्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरते, त्यामुळे निळ्या रंगाच्या भरवशावर कैकांनी वर्षानुवर्षे निर्धास्तपणे श्रीखंड खाल्ले.

बोटातल्या रक्तावर चालणारे यंत्र अमेरिकेत १९७०च्या सुमारास आले. वजन किलोभर, किंमत शेकडो डॉलर. पट्टीवर चांगला टपोरा थेंब ठेवायचा, घड्याळ लावून साठ सेकंद थांबायचे, मग पाण्याने तो धुऊन टाकायचा आणि पट्टीचा बदललेला रंग यंत्राला दाखवायचा. यंत्र मिळायचे फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनिअर होते, बाराव्या वर्षापासून मधुमेही. त्यांना ते हवे होते, पण रुग्णाच्या हाती असली वस्तू देणार कोण? त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, त्यांच्या नावावर यंत्र मागवले गेले. दिवसातून अनेकदा बोट टोचून त्यांनी आपले खाणे आणि इन्सुलिन यांचा मेळ बसवला. हे सगळे त्यांनी लिहून काढले, पण इंजिनिअरचे ऐकणार कोण, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन ते डॉक्टरच झाले. डॉक्टरने ऐकावे म्हणून स्वतः डॉक्टर होणारा हा बहुधा एकमेव रुग्ण असावा. आपल्याकडे रुग्ण हा टप्पा गाळून थेट सल्ला द्यायला लागतात.

महाराष्ट्राला बोट पुढे करायची सवय सरकारने या यंत्राच्याही आधी लावली होती. १९५८ साली राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि आरोग्य कर्मचारी गावोगाव, घरोघर ताप विचारत फिरू लागला. तापकरी सापडला की बोट टोचायचे, काचपट्टीवर रक्ताचा नमुना घ्यायचा, भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी. पूर्व विदर्भात याहून अवघड प्रकार होता आणि आहे, तो हत्तीरोगाचा. या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा शरीरात आत दडून बसतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात फिरायला निघतात. म्हणून हत्तीरोगाची माणसेही रात्रीच येतात. भंडारा-चंद्रपूरकडच्या गावात जेवणखाण आटोपून, कडी लावून माणूस आडवा झाला की दारावर थाप, आणि उघडले तर बॅटरी घेतलेला कर्मचारी म्हणतो, ‘बोट द्या.’ इतक्या रात्री दार उघडून मुकाट्याने बोट देणाऱ्या त्या माणसाची सहनशीलता शहरी मधुमेह्याने एकदा पाहून घ्यावी.

तर, बोट. कोणते द्यायचे हा घरातला पहिला वाद. रक्तनमुने घेणाऱ्यांचे शास्त्र मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या बाजूने आहे, आणि तेही शक्यतो ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हाताच्या. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी कामाने निबर झालेली असते, शिवाय दिवसभर फोनवर त्यांचीच गरज. डाव्या तर्जनीवर तर निवडणूक आयोगाचा हक्क आहे. करंगळीत मांस कमी आणि हाड लगेच. देवाला गंध लावायला आणि दर्भाचे पवित्रक घालायला जी अनामिका चालते तीच सुईलाही चालते, हे कळल्यावर घरातल्या ज्येष्ठांचा आधुनिक वैद्यकावरचा विश्वास एकदम वाढतो.

दुसरा वाद जागेचा. बोटाच्या पेराच्या मध्यावर, जिथे ठसा उठतो तिथे, स्पर्शाच्या मज्जातंतूंची दाटी असते. तिथे टोचले की कळ थेट डोक्यात जाते आणि पुढचे दोन दिवस भाजी चिरताना, बटण लावताना आठवण देत राहते. मध्यापासून जरा बाजूला सरकले की दुखणे कमी, रक्त तेवढेच. सोपी गोष्ट आहे. तरीही दहातली निम्मी माणसे अगदी मधोमध, नेम धरून टोचतात. टोचायचे तर बरोबर मध्यभागी, अशी काहीतरी शाळेतल्या भूमितीची शिस्त असावी. रोज तपासणाऱ्याने बोटे आलटून पालटून वापरावीत, हेही कोणी पाळत नाही. एक बोट कुटुंबाने ठरवून दिलेले असते, आणि ते बिचारे एकटेच सगळ्यांचे पाप फेडते.

पण सगळ्यात गंमत आहे ती हात धुण्याची. मराठी घराला स्पिरिटच्या बोळ्याबद्दल अपार आदर आहे. त्याचा वास आला की दवाखान्यात आल्यासारखे वाटते, म्हणजे तपासणी खरी. साबण आणि पाणी मात्र फारच घरगुती, त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सून विचारते, ‘बाबा, हात धुतलेत का?’ बाबा सांगतात, ‘आंघोळ केली की सकाळी.’ आंघोळीनंतर देवपूजा झालेली असते, देवापुढच्या खडीसाखरेचा खडा तोंडात गेलेला असतो, पण तो प्रसाद असल्यामुळे हिशेबात धरत नाहीत.

जपानी डॉक्टरांच्या एका गटाने २०११ साली हा प्रश्न प्रयोगाला लावला. माणसांना संत्रे, द्राक्षे आणि किवी सोलायला लावली आणि मग बोटातली साखर पाहिली. आकडे अवाच्या सवा आले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहिले, तरी चढेच. नळाच्या पाण्याखाली हात धुतल्यावर मात्र आकडा जागेवर आला. यामागचे गणित जरा भीतिदायकच आहे. एका मायक्रोलिटर रक्तात एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, बाहेरून मिसळला तर आकडा तब्बल १००ने वाढतो. एवढीशी साखर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला चिकट लागत नाही, पण यंत्र ती इमानेइतबारे मोजते. आंब्याच्या दिवसांत कोकणात आणि पुण्यात जे आकडे लागतात त्यांचा या प्रकाशात फेरविचार व्हायला हवा. न्यायाने बोलायचे तर हापूसमध्ये सुक्रोज जास्त आणि ग्लुकोज कमी, पण त्या कमीतला एक कणही पुरतो. आजोबांनी फोड खाल्ली नाही, नातवाला नुसती कापून दिली, असे ते शपथेवर सांगतात. एरवी यावर कोणी विश्वास ठेवला नसता. पण बोटे धुतलेली नसतील तर या वेळी आजोबा खरे बोलत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. (हा परिच्छेद आजोबांना दाखवू नये.)

हात धुतल्यावर ते पुसायचे, हा उपनियम. ओल्या बोटावर थेंब धरत नाही, पसरतो आणि पातळ होतो. स्पिरिट वापरलेच तर ते पूर्ण वाळू द्यायचे. पुसायला स्वच्छ टॉवेल घ्यायचा, कमरेचा पंचा नव्हे. पहिला थेंब घ्यायचा की दुसरा, यावर नेदरलँड्समध्ये १२३ मधुमेह्यांवर अभ्यास झाला. निष्कर्ष असा की हात साबणाने धुऊन कोरडे केले असतील तर पहिला थेंब चालतो. धुणे शक्यच नसेल तर पहिला पुसून टाकावा आणि दुसरा घ्यावा.

आता टोचणे. पेनावर सुई किती खोल जावी याचे आकडे असतात, एकापासून पाचापर्यंत वगैरे. नाजूक कातडीला एक-दोन पुरते. बायको नवऱ्याचे बोट टोचणार असेल तर ती आकडा किती ठेवते, यावरून संसाराचा अंदाज येतो. ‘अहो, बोट द्या’ म्हणून तिने हात धरला की बोट ताठ होते, थंडगार पडते आणि त्यातले रक्त बहुधा माहेरी निघून जाते. थंड बोटातून रक्त येत नाही, हे खरेच आहे. म्हणून आधी कोमट पाण्यात हात धरायचा, हात खाली सोडून जरा झुलवायचा, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळायचे. हे सगळे टोचण्याआधी. आपल्याकडे ते टोचल्यानंतर आणि दहापट जोराने केले जाते. थेंब दिसेना की बोट पिळायला सुरुवात होते. आधी स्वतः, मग मुलगा, मग शेजारचे काका ‘सरका, मी बघतो’ म्हणून. टूथपेस्टची शेवटची बोटभर पेस्ट काढण्यात घडलेले हात ते. पण बोट पिळले की रक्ताबरोबर पेशींभोवतालचे पाणी बाहेर येते, रक्तपेशीही फुटतात, आणि आकडा भरवशाचा राहत नाही. एवढे करून रक्त नाही आले तर दुसरे बोट घ्यावे आणि पेनाचा आकडा एकने वाढवावा, एवढेच.

थेंब आला की तो पट्टीवर गंधासारखा टेकवायचा नसतो. पट्टीच्या कडेला बारीक फट असते, ती थेंबाला नुसती लावायची. ती आपली आपण रक्त ओढून घेते. कमी पडले म्हणून मागाहून दुसरा थेंब वाढायचा नाही, बहुतेक पट्ट्यांना हा आग्रह मानवत नाही. यंत्र चूक दाखवते, वीस-पंचवीस रुपयांची पट्टी वाया जाते, आणि साखरेचे दुःख बाजूला पडून पट्टीचे सुरू होते. पट्टी महाग म्हणून बाटली जपून फ्रिजमध्ये ठेवणारेही पुष्कळ. ती जागा तिच्यासाठी वाईट, कारण पट्टीवरच्या रसायनाला दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात रत्नागिरीला झाकण उघडे राहिलेली बाटली आणि तिथला पापड, दोघांची गत एकच.

सुई मात्र मराठी घरात महाग नसूनही जपली जाते. ती एकदाच वापरायची, असे खोक्यावर लिहिलेले असते. ‘एकदाच म्हणजे एका पाकिटात एकदा’ असा त्याचा अर्थ लावून एकच सुई महिनोन्महिने चालते. प्रत्येक वापरात तिचे टोक बोथट होते आणि दुखणे वाढते, मग आजी म्हणतात, ‘पूर्वी एवढं दुखत नव्हतं हो, हल्लीची रक्तं घट्ट झालीत.’ इथपर्यंत हसण्यावारी नेता येते. पण गणपतीत सगळे जमल्यावर एखादा उत्साही जावई यंत्र काढतो आणि एकाच पेनाने मामा, आत्या, शेजारी अशी सगळ्यांची बोटे टोचत सुटतो, तेव्हा त्याला तिथल्या तिथे थांबवावे. टोचणीचे पेन वाटून वापरल्यामुळे वृद्धाश्रमांमध्ये हेपटायटिस बी पसरल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. नुसती सुई बदलून भागत नाही, पेनही ज्याचे त्यालाच. वापरलेल्या सुया हा घरगुती घातक कचरा. त्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून वेगळ्या द्यायच्या असतात. सुक्या कचऱ्यात लोटलेली सुई पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या एखाद्या ताईच्या बोटात जाते, आणि त्या ताईने काही आपली शुगर विचारलेली नसते.

आकडा आला की सुनावणी सुरू होते. १६८. हा मान्य नसतो. दुसऱ्या हाताचे बोट टोचले जाते. १५४. दोन्हींतला कमी तो खरा, असे एकमताने ठरते आणि वहीत तोच लिहिला जातो. वास्तविक यात यंत्राचा दोष नाही. घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ साली जे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्यात शंभर आणि त्यावरच्या साखरेसाठी शंभरातले ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असले तरी यंत्र पास होते. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७० सांगितले काय नि २३० सांगितले काय, दोन्ही नियमात बसते. हे कळल्यावर मंडळी कायम १७०च्या बाजूने असतात.

‘उपाशीपोटी’ची व्याख्याही अशीच लवचीक. चहा म्हणजे खाणे नव्हे. चहाबरोबरचे बिस्किट चहातच मोडते. जेवणानंतरच्या दोन तासांचे घड्याळ पहिल्या घासाला सुरू करायचे असते, पण आपल्याकडे ते बडीशेपेनंतर सुरू होते, आणि काही घरांत वामकुक्षीनंतर.

बोटाच्या थेंबावर फाजील विश्वास ठेवणारे फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ साली ‘थेरानोस’ ही कंपनी काढली आणि बोटातल्या चार थेंबांत शेकडो तपासण्या करू, असे सांगून कॅलिफोर्नियातल्या भल्याभल्यांना भुलवले. कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलरपर्यंत गेली. २०१५ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने भांडे फोडले आणि २०२२ साली बाईंना अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवास सुनावला गेला. त्याच २०१५ साली टेक्सासच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच बोटातले लागोपाठचे थेंब तपासून पाहिले. हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे थेंबागणिक बदलत होते. शिरेतल्या रक्ताइतका भरवसा हवा तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली. यात साखरेचा प्रश्न नव्हता. तरीही हे वाचून कोणी घरी सहा बोटे टोचू लागला तर नवल नाही, कारण सहांत एखादा तरी आकडा मनासारखा निघेलच.

आता दंडावर चिकटवायचे सेन्सर आले आहेत. कातडीखाली केसाएवढा तंतू जातो आणि दर काही मिनिटांनी साखर फोनवर येते, तुमच्या आणि ज्यांना परवानगी द्याल त्यांच्याही. परवानगी अर्थातच परदेशातल्या मुलाला दिलेली असते. यामुळे नाशिकच्या आईने दुपारी लाडू खाल्ला तर सिएटलला रात्रीच्या रात्री कळते. मात्र हा सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींमधला द्रव मोजतो, आणि तो रक्ताच्या मागे दहा-पंधरा मिनिटे असू शकतो. शिवाय त्या कुशीवर झोपले आणि दंड दाबला गेला की तो साखर भलतीच कमी दाखवतो. त्यामुळे नाशिकला पहाटे तीनला फोन वाजतो.

‘आई, तुझी शुगर ५४ झालीय! ऊठ, आधी साखर खा!’

आई उठते. दिवा लावते. साबणाने हात धुते, पुसते, डाव्या अनामिकेच्या बाजूला टोचते, पट्टी थेंबाला लावते.

‘११८,’ ती सांगते. ‘आणि काल दुपारचा तो लाडू नव्हता, वडी होती. झोपू का आता?’